वाचकांचे प्रश्न : शॅम्पेनचं तळघर बघायला जायचंय

प्रश्न : ताई, आम्ही दिंडोरी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. मुलगी पॅरिसला असते, जूनमध्ये तिच्याकडे जाणार आहोत. तिचं म्हणणं बाबा तुम्हाला शॅम्पेनचं तळघर दाखवते. मला वाइनमधलं फार कळत नाही पण द्राक्षातलं कळतं. एकच दिवस आहे, कुठे जावं आणि काय बघावं?

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण तिथे जाणारे बहुतेक लोक थेट ग्लासापाशी पोचतात आणि तुम्ही बागेकडून निघालाय. पॅरिसच्या गार दे लेस्त स्टेशनवरून शॅम्पेन प्रांतातल्या रॅन्सला टीजीव्ही ही वेगवान ट्रेन पाऊण तासात पोचते, म्हणजे सकाळी निघून रात्री परत आरामात होतं. दुसरं गाव एपर्ने, तिथे जमिनीखाली एकट्या मोएत कंपनीचीच २८ किलोमीटरची तळघरं आहेत, पण एकच दिवस असेल तर मी रॅन्सच म्हणेन आणि त्याचं कारण म्हणजे तिथला खडूचा दगड.

रॅन्सखाली खडूच्या खाणी आहेत, शेकडो वर्षांपूर्वी बांधकामाला दगड काढायला खणलेल्या, वर तोंड अरुंद आणि खाली पसरत गेलेल्या. त्यांना क्रेयेर म्हणतात. पोमेरी, तैतांजे, रुइनार, व्हव क्लिको ह्या कंपन्यांच्या बाटल्या ह्याच खाणींत पडून असतात, बारा महिने १०-१२ डिग्री, वर बर्फ असो की ऊन. २०१५ मध्ये युनेस्कोने ही तळघरं, कंपन्यांच्या इमारती आणि द्राक्षाचे उतार असं सगळं मिळून जागतिक वारशात घेतलं. आणि पहिल्या महायुद्धात वर तोफगोळे पडत होते तेव्हा रॅन्सची माणसं ह्याच तळघरांत राहिली, मुलांच्या शाळासुद्धा खाली भरल्या, गाईड हे सांगतो तेव्हा नीट ऐका, घाईत पुढे जाऊ नका.

आता बघायचं काय. ह्या वाइनचे बुडबुडे बाटलीतच तयार होतात. आधी साधी वाइन करतात, मग ती बाटलीत भरताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून झाकण लावतात, आत दुसऱ्यांदा आंबवण होते, गॅसला बाहेर जायला वाट नसते म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो आणि दाब सहा अॅटमॉस्फिअरपर्यंत चढतो. जुन्या काळी बाटल्या फुटायच्या म्हणून तळघरात कामगार तोंडाला लोखंडी जाळी लावून जायचे. साध्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून कमीत कमी १५ महिने ठेवावंच लागतं, त्यातले १२ यीस्टच्या गाळावर, आणि एकाच वर्षाच्या द्राक्षाची असेल तर ३ वर्षं. मग तो गाळ काढायचा कसा, तर भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांवर बाटल्या तिरक्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवत उलट्या करत न्यायच्या म्हणजे गाळ मानेशी जमतो, ही युक्ती १८१६ च्या सुमाराला व्हव क्लिकोच्या तळघरात निघाली असं मानतात. आता हे काम बहुतेक मशीनवर होतं. शेवटी मान गोठवून झाकण काढलं की दाबाने गाळाचा बर्फ बाहेर उडतो, थोडी वाइन आणि साखर भरून बूच लावलं की झालं.

पण काका, एक मोठी कंपनी झाली की दुपारी गावाबाहेर एखाद्या शेतकऱ्याकडे नक्की जा, हे मी तुम्हाला अगदी आग्रहाने सांगते. शॅम्पेन प्रांतातली जवळपास ९० टक्के बाग शेतकऱ्यांच्या नावावर आहे, मोठ्या कंपन्या द्राक्षं विकत घेतात. काही शेतकरी मात्र स्वतःच्याच द्राक्षाची वाइन करून विकतात, त्यांच्या लेबलवर बारीक अक्षरात आर-एम छापलेलं असतं, द्राक्ष विकत घेणाऱ्या कंपनीच्या लेबलवर एन-एम. व्हर्झने गाव रॅन्सजवळच आहे, तिथे बागेत दीपगृह आहे आणि त्याला लागून द्राक्षशेतीचं म्युझियम. आर-एमवाल्याकडे बहुतेक वेळा मालक किंवा घरचंच कुणीतरी दाखवतं, मुलीला भाषांतराला बसवा आणि रोगाचं, भावाचं, मजुरांचं सगळं विचारा. तोडणी तिथे हातानेच, तसा नियमच आहे. चार हजार किलो द्राक्षातून २५५० लिटरच रस घ्यायचा हाही नियम. तीन मुख्य द्राक्षांतली दोन, पिनो न्वार आणि मोनिए, काळी असतात, तरी हळू दाबून साली लगेच बाजूला केल्या की रस पांढराच निघतो. मांडव किंवा वाय आकाराचा आधार दिसणार नाही, वेली बुटक्या आणि दाट, ठिबकच्या नळ्याही नाहीत, पाऊस आणि खडूत मुरलेलं पाणी ह्यावरच बाग. खरड आणि गोडी अशा दोन छाटण्या आपल्याकडे, त्यांची थंडीतली एकच. जूनच्या मध्याला साधारण फुलोरा असतो, तिथून शंभरेक दिवसांनी तोडणी धरतात. बुकिंग मात्र दोन्हीकडे आधीच ऑनलाइन करा, दारात जाऊन जागा मिळेलच असं नाही.

प्रश्न : मी अजिबात पीत नाही, मिस्टर घेतात. शिवाय माझे गुडघे दुखतात. मी गेले तर नुसती बसून राहीन का? पुणे.

उत्तर : अजिबात नाही, तळघर बघायला प्यायची गरजच नाही, आणि टेस्टिंगला नको म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. नुसता वास घेतलात तरी चालतं, जास्त वर्षं गाळावर राहिलेल्या वाइनला भाजलेल्या पावाचा वास येतो तो न पिणाऱ्यालाही कळतो. मिस्टरांना सांगा थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, दोन-तीन ठिकाणी जायचं असेल तर तोच शहाणपणा. गुडघ्यांचं म्हणाल तर पोमेरीला ११६ पायऱ्या उतरायच्या आणि परत चढायच्याही आहेत, ते टाळा. एपर्नेला मर्सिए कंपनीच्या तळघरात छोट्या ट्रेनमध्ये बसवून फिरवतात, तुम्हाला तेच बरं, पण जायच्या आधी ती चालू आहे ना हे विचारून घ्या. आणि शाल किंवा स्वेटर घ्याच, वरच्या उन्हातून खाली गेलं की चांगलीच थंडी वाजते.

प्रश्न : लेबलवर ब्रूट लिहिलेलं असलं म्हणजे गोड की कडक? आणि येताना किती बाटल्या आणता येतात?

उत्तर : ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, कोरडी म्हणजे गोड न लागणारी. एक्स्ट्रा ब्रूट त्याहून कोरडी, ६ पर्यंत. गंमत म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७, इथे पुष्कळ लोक फसतात. गोडच आवडत असेल तर देमी-सेक मागा, ३२ ते ५०. टेस्टिंगला कमी-जास्त साखरेच्या दोन वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखायला मागितल्या तर फरक लगेच कळतो, आणि गाळ कधी काढला ती तारीख विचारा, काहीजण ती लेबलवरच छापतात. भारतात येताना माणशी २ लिटर दारू ड्युटीशिवाय चालते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत नीट गुंडाळून ठेवा, तळघरातून घेतलेली बाटली केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.