फिजिक्सचा बोर्डाचा पेपर चार दिवसांवर आलाय आणि एकही डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) लिहिता येत नाही. काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लातुरात खोली करून दोन वर्षं नीटची (मेडिकल प्रवेश परीक्षेची) तयारी केली, एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) ढिगानं सोडवले, बोर्डाचं पुस्तक मात्र जवळजवळ उघडलंच नाही. आता बारावीचा फिजिक्सचा पेपर चार दिवसांवर आलाय आणि सोळा धड्यांपैकी कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही.

मी लातूर जिल्ह्यातच एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, बोर्डाचे पेपरही तपासते. तुझ्यासारखी लेकरं दरवर्षी बघते. फिजिक्स तुला येतंय, फक्त ते कागदावर उतरवायची सवय हाताला नाही. चार दिवसांत अख्खं नवं फिजिक्स शिकणं अवघड असतं, पण हाताला सवय लावणं नक्की जमतं. तेव्हा आजपासून वाचायचं कमी आणि लिहायचं जास्त. मोबाईलवरचे तासन्‌तास चालणारे वन-शॉट व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘हमखास येणाऱ्या प्रश्नां’च्या पीडीएफ या दोन्ही गोष्टी बाजूला ठेव. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात पहिल्या ओळीनंतर पेन थांबतो.

आधी पेपर कसा असतो ते नीट समजून घे, निम्मी भीती तिथंच जाईल. लेखी परीक्षा ७० गुणांची, वेळ तीन तास. पहिल्या विभागात दहा एमसीक्यू आणि एकेका गुणाचे आठ प्रश्न, असे १८ गुण. इथं पर्याय नाही. पुढं दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ आणि चार गुणांच्या पाचपैकी तीन. म्हणजे ९८ गुणांचे प्रश्न समोर येतात आणि त्यांतले ७० गुणांचे सोडवायचे. सोळाही धड्यांना वाटणी जवळपास सारखी आहे, पर्याय धरून साधारण पाच ते सात गुण. त्यामुळं एखादा धडा पूर्ण सोडलास तरी आभाळ कोसळत नाही. ज्या धड्याचा अगदी कंटाळा आहे असे दोन-तीन धडे खुशाल बाजूला ठेव. त्यांची फक्त सूत्रं आणि व्याख्या बघ, म्हणजे एका गुणाचे प्रश्न हातचे जाणार नाहीत.

नीटच्या दोन सवयी इथं नडतात. तिथं चुकलं की एक गुण कापतात, म्हणून शंका आली की सोडून द्यायचं हे अंगात मुरलेलं असतं. बोर्डात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. चांगल्या मुलांच्या उत्तरपत्रिकेत कोरी जागा बघितली की मला खरंच वाईट वाटतं, कारण नुसती आकृती आणि सुरुवातीचं सूत्र लिहिलं असतं तरी काहीतरी देता आलं असतं. दुसरी सवय उत्तरपत्रिकेवर नुसता पर्यायाचा गोल रंगवायची. इथं एमसीक्यूचं उत्तर लिहिताना पर्यायाचं अक्षर आणि पूर्ण उत्तर दोन्ही लिहावं लागतं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाही, आणि तोच प्रश्न दोनदा सोडवला तर पहिलंच उत्तर धरतात. ही सूचना पेपरवर छापलेली असते.

आता डेरिव्हेशन. सुटी सुटी पाठ करायला बसलीस तर चार दिवस पुरणार नाहीत. पण पुष्कळशी एकमेकांची भावंडं आहेत, ती जोडीनं कर. स्थिर तरंग आणि बीट्स (आवाजाचं ठरावीक वेळानं कमी-जास्त होणं) घे. दोन्हीकडं दोन तरंगांची समीकरणं लिहायची, बेरीज करायची आणि त्रिकोणमितीचं एकच सूत्र वापरायचं: साइन सी अधिक साइन डी. स्थिर तरंगात दोन तरंग सारखेच, फक्त उलट दिशांनी जाणारे. त्यामुळं बेरजेत एक भाग जागेचा निघतो आणि एक काळाचा. जागेचा भाग जिथं शून्य होतो ते निस्पंद बिंदू, म्हणून दोन शेजारच्या निस्पंदांत अंतर अर्ध्या तरंगलांबीचं. बीट्समध्ये तरंग एकाच दिशेनं जातात पण वारंवारिता थोडी वेगळी असते, म्हणून ‘आयाम’ (तरंगाची उंची) स्वतःच काळानुसार कमी-जास्त होतो, आणि सेकंदाला किती बीट्स ते दोन वारंवारितांच्या फरकाइतकं येतं. एका बैठकीत दोन्ही लिही, एकाखाली एक. तीन गुणांची दोन डेरिव्हेशन तयार झाली.

अशा जोड्या पुस्तकभर आहेत. फिरणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा, ताणलेल्या स्प्रिंगची ऊर्जा, कपॅसिटरची आणि इंडक्टरची ऊर्जा: चारही सूत्रांचा साचा तोच, निम्मे गुणिले एक स्थिरांक गुणिले एका राशीचा वर्ग. एसी सर्किटमध्ये एलसीआरचा (इंडक्टर, कपॅसिटर, रेझिस्टर एकत्र) फेजर, म्हणजे बाणांची आकृती, एकदा नीट काढायला शिकलीस की नुसता रेझिस्टर, नुसता इंडक्टर, नुसता कपॅसिटर हे त्यातलेच तुकडे. थर्मोडायनॅमिक्समध्ये पहिला नियम मधोमध लिही आणि कुठल्या प्रक्रियेत कुठलं पद शून्य होतं तेवढं बघ: समतापीय प्रक्रियेत आंतरिक ऊर्जेतला बदल शून्य (आदर्श वायूसाठी), रुद्धोष्मात उष्णता शून्य, समआयतनीत कार्य शून्य. एका पानात मावतं.

लिहायचं कसं? पुस्तक उघडून एकदा डेरिव्हेशन बघ, बंद कर, कोऱ्या कागदावर लिही. अडलीस तर तिथंच लाल पेनानं रेघ मार, पुस्तकात फक्त ती एक पायरी बघ आणि पुढं चल. संध्याकाळी फक्त लाल रेघेच्या पायऱ्या परत बघायच्या. लिहिताना आकृती आधी, मग सुरुवातीचं सूत्र, मग पायऱ्या, शेवटचं सूत्र चौकटीत आणि प्रत्येक अक्षराचा अर्थ. आम्ही तपासताना पायरीपायरीला गुण देतो, त्यामुळं मधली ओळ गाळून थेट उत्तरावर उडी मारलीस तर नुकसान तुझंच.

गणितांत तुझी अडचण वेगळी असेल, लॉग टेबलची. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि नीटवाल्या मुलांनी ते अकरावीनंतर हातात धरलेलं नसतं. एक उदाहरण करून दाखवते. ५००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची आहे. प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी. आधी दहाचे घात वेगळे काढ: उणे ३४, अधिक ८, आणि तरंगलांबीचा उणे ७ खालून वर आला की अधिक ७. बेरीज उणे १९. उरले आकडे: ६.६३ गुणिले ३ भागिले ५, म्हणजे ३.९७८. इथपर्यंत लॉग लागलाच नाही. आता ज्यूलमधून इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये जायला १.६ नं भागायचं; तिथंही उणे १९ वा घात आहे, तो कटला. ३.९७८ चा लॉग ०.५९९७, १.६ चा ०.२०४१, वजाबाकी ०.३९५६, अँटिलॉग २.४८७. उत्तर जवळपास २.४९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. घात आधी बाजूला काढले की उणे कॅरॅक्टरिस्टिकच्या (लॉगच्या पूर्णांक भागाच्या) भानगडीत पडावंच लागत नाही. मुलं सगळ्यात जास्त तिथंच चुकतात. रोज पाच-सहा गणितं अशी शेवटच्या दशांशापर्यंत आणि एककासकट कर.

एक बारीक गोष्ट: उष्णतेच्या गणितात तापमान १२७ अंश सेल्सिअस किंवा २७ अंश दिसलं की लगेच बाजूला ४०० केल्विन, ३०० केल्विन लिहून टाक. स्टीफनच्या नियमात चौथा घात घ्यायचा असतो. तिथं १२७ ठेवलं तर पुढचं सगळं वाया.

धड्यांचा क्रम मी असा लावीन. आधी ऑसिलेशन्स, सुपरपोझिशन, थर्मोडायनॅमिक्स, वेव्ह ऑप्टिक्स; इथं डेरिव्हेशन ठरलेली आहेत. मग विद्युत आणि चुंबकत्वाकडचे धडे, ते नीटमुळं तुझे बरेच पक्के असतील. मॅग्नेटिक मटेरियल्स, ड्युअल नेचर आणि सेमीकंडक्टर हे तीन शेवटून दुसऱ्या दिवसासाठी ठेव, कारण लहान आहेत आणि आकृत्या काढल्या की निम्मं काम होतं: रेक्टिफायर, झेनर, सोलर सेल, एलईडी. रोटेशनल डायनॅमिक्समधला कॉनिकल पेंड्युलम, रस्त्याचं बँकिंग आणि रेडिएशनमधली फेरीची ब्लॅक बॉडी एमसीक्यूच्या नादात सहसा नीट वाचून होत नाही, ते विसरू नकोस.

शेवटचा दिवस नव्याला नाही. त्या दिवशी मागचा एखादा बोर्डाचा पेपर घड्याळ लावून अकरा ते दोन या वेळात सोडव. सलग तीन तास लिहिताना हात दुखतो, हे परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा कळायला नको. रात्री झोप पूर्ण घे. जागून वाचलेलं दुसऱ्या दिवशी गणितात नडतं.

तुझं नाव गावाकडच्या कॉलेजात असेल आणि सेंटर अहमदपूर, उदगीर किंवा औशाकडं आलं असेल, तर सकाळच्या एसटीवर विसंबू नकोस. आदल्या दिवशीच जा, नातेवाइकांकडं किंवा मैत्रिणीकडं थांब. हॉल तिकीट, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी आधीच पिशवीत टाक.

आणि गुणांचा बाऊ करू नकोस, पण बोर्डाला हलकंही समजू नकोस. एमबीबीएसच्या प्रवेशाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या विषयांत पास व्हावंच लागतं. नीटला कितीही चांगला स्कोअर आला तरी ही अट सुटत नाही.

आज रात्री स्थिर तरंग आणि बीट्स लिहून बघ. कुठल्या ओळीवर अडलीस ते इथंच सांग, पेपरच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मी उत्तर देत राहीन.