लॅपटॉपवर न मागता आलेली अ‍ॅप्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे, मुलाने दिलेला लॅपटॉप वापरते, विंडोज ११ आहे. पेन्शनच्या कामासाठी चार फोटोंची एक पीडीएफ करायची होती म्हणून नेटवर शोधून एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. पीडीएफ झाली, पण दुसऱ्या दिवसापासून डेस्कटॉपवर दोन नवीनच आयकॉन दिसायला लागले, त्यातलं एक रोज सांगतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका आहेत, दुरुस्त करायला पैसे भरा. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच पान येतं आणि खाली उजव्या कोपऱ्यात सारखं व्हायरस आला, व्हायरस आला. मी ते आयकॉन डिलीट केले, रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली तरी त्रास तसाच. मी काहीच इन्स्टॉल केलं नव्हतं हो, आपोआप आलंय. शेजारचा मुलगा म्हणतो फॉरमॅट मारा, पण त्यात नातवाचे सगळे फोटो आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, फॉरमॅट मारू नका आणि पैसे तर अजिबात भरू नका. त्या शेकडो चुका म्हणजे तुम्हाला घाबरवायला दाखवलेला आकडा आहे, बाकी काही नाही.

डेस्कटॉपवरचा आयकॉन म्हणजे दारावरची पाटी, पाटी काढली म्हणून घरातला माणूस जात नाही, म्हणून तुमचं डिलीट करणं वाया गेलं. खरं काढायचं असेल तर सेटिंग्ज उघडा, अ‍ॅप्समध्ये जा, तिथे इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, यादी नावाप्रमाणे असते ती सॉर्ट बायवर क्लिक करून तारखेप्रमाणे लावा. ज्या दिवशी तुम्ही ते पीडीएफचं सॉफ्टवेअर घेतलंत त्याच तारखेला अजून काय काय आलंय ते एका नजरेत दिसेल, ही सगळी एकाच गाडीतून उतरलेली मंडळी असतात. प्रत्येकाच्या पुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून अनइन्स्टॉल करा, आणि ते पीडीएफवालं मूळ सॉफ्टवेअर पण काढा, त्याची दया नको. काढताना एखादी खिडकी उघडते आणि नका काढू, फुकट ठेवा वगैरे मोठ्या रंगीत बटणावर लिहिलेलं असतं आणि खरं काढायचं बटण बारीक अक्षरात कोपऱ्यात, तर तिथे घाई न करता वाचून मगच क्लिक करा. काढता येत नाही, प्रोग्रॅम चालू आहे असं आलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात त्याच्या नावावर राइट क्लिक करून एंड टास्क करा आणि परत अनइन्स्टॉल.

पण साफसफाईच्या भरात काही नावं चुकून काढू नका. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ असं पाच-सहा वेळा दिसेल, वेबव्ह्यू२ दिसेल, इंटेल, रिअलटेक दिसेल. ही अनोळखी वाटली तरी कामाची आहेत, बाकीची सॉफ्टवेअर, आवाज, वायफाय त्यांच्यावर चालतात.

आता क्रोम. हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात सगळं काढलं तरी येतंच आहे. क्रोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे जादाचे प्रोग्रॅम, वेगळी असतात, ती विंडोजच्या यादीत दिसत नाहीत. वर उजवीकडे तीन टिंबं, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स, तिथे जे तुम्ही स्वतः घेतलेलं नाही ते रिमूव्ह. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रिसेट सेटिंग्ज आहे ते करा, भलतं पान जाईल, बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. आणि तो कोपऱ्यातला व्हायरस आला हा मेसेज बहुतेक वेळा व्हायरसही नसतो आणि अ‍ॅपही नसतं, कुठल्यातरी साइटने अलाऊ करा म्हटलं आणि आपण केलं, त्याचं नोटिफिकेशन असतं. क्रोमच्याच सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी साइट दिसली की ब्लॉक.

शेवटी स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधा, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनच्या सेटिंग्ज आहेत, त्यात पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग चालू करा. मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन लावा, लॅपटॉप स्वतःच रिस्टार्ट होईल, साधारण १५ मिनिटं लागतात, चार्जर लावून ठेवा. तरीसुद्धा नातवाचे फोटो आजच एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा, ते या त्रासासाठी नाही, हार्डडिस्कचा भरवसा नसतो म्हणून.

आणि ताई, आपोआप आलं याचं मनाला लावून घेऊ नका. फुकट सॉफ्टवेअरवाल्यांना प्रत्येक जोडीच्या अ‍ॅपमागे पैसे मिळतात, म्हणून नेक्स्ट नेक्स्ट करताना मधल्या एका पानावर आधीच टिक केलेली असते. जावासारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्येसुद्धा कित्येक वर्षं आस्क टूलबार, म्हणजे ब्राउझरमध्ये वर येऊन बसणारी शोधपट्टी, असाच टिक करून यायचा, भलेभले फसले. पुढच्या वेळी कस्टम किंवा अ‍ॅडव्हान्स्ड असा पर्याय दिसला की तोच घ्या, सगळ्या टिका दिसतात. आणि चार फोटोंच्या पीडीएफसाठी काही घ्यायचंच नाही, चारही फोटो सिलेक्ट करून राइट क्लिक, प्रिंट (दिसलं नाही तर शो मोअर ऑप्शन्समध्ये बघा), प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ. झालं.

प्रश्न: नवीन लॅपटॉप घेतला, खोक्यातून काढल्या काढल्या त्यात ट्रायल अँटिव्हायरस, गेम्स, कंपनीची पाच-सहा अ‍ॅप्स. काढली तर वॉरंटी जाईल का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: नाही जात, अ‍ॅप काढल्याने हार्डवेअरच्या वॉरंटीला काही होत नाही. ट्रायल अँटिव्हायरस तर पहिल्याच दिवशी काढा, तो असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बाजूला बसतो, ट्रायल संपली की हा काम बंद करून नुसते पैसे मागत राहतो. तो काढला की डिफेंडर आपला आपण चालू होतो. कंपनीच्या अ‍ॅप्सपैकी ड्रायव्हर (आवाज, वायफाय असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) अपडेट करणारं एक ठेवा, बाकी जाऊ देत. कंपनीने टाकलंय म्हणजे चांगलंच असणार असं धरून चालू नका, २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आलेलं निघालं, ते बँकेच्या साइटसारखी सुरक्षित कनेक्शनसुद्धा मध्येच उघडत होतं, शेवटी कंपनीलाच ते काढायचं टूल द्यावं लागलं.

प्रश्न: भाऊ जर्मनीत असतो, त्याच्या लॅपटॉपवरून एज ब्राउझर अनइन्स्टॉल होतो, माझ्या लॅपटॉपवर ते बटणच दाबलं जात नाही. त्यात काही बिघाड आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बिघाड नाही, कायद्याचा फरक आहे. युरोपात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, त्याच्या अटी मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून पाळाव्या लागतात, त्यामुळे मायक्रोसॉफ्टला तिकडे ही सोय द्यावी लागली, आपल्याकडे ती नाही. नेटवर एज काढायच्या स्क्रिप्ट, म्हणजे तयार कमांडच्या फाइल, मिळतात, त्या चालवू नका, अपडेटमध्ये घोळ होतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये आपल्या आवडीचा ब्राउझर लावा, टास्कबारवरून एज अनपिन करा आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये दिसत असेल तर डिसेबल करा.