न्यू जर्सीत परवडणारं भाड्याचं घर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: यजमानांना एडिसनला नोकरी लागली आहे. आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. मिडलसेक्स काउंटीतली भाडी ऐकून धडकी भरते, त्यात अमेरिकेतली क्रेडिट हिस्टरी (कर्ज, बिलं वेळेवर फेडल्याची नोंद) नाही. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर: जाहिरातीतल्या भाड्यावर घर ठरवू नका, वर्षाचा सगळा खर्च मांडा. समजा भाडं २,१०० डॉलर आणि ‘एक महिना फुकट’. बारा महिन्यांत तुम्ही २३,१०० भराल, म्हणजे महिन्याला १,९२५. पण पुढच्या वर्षीची वाढ २,१०० वरच धरली जाते. शिवाय पार्किंग, कचरा यांचे पैसे वेगळे आहेत का, ते लेखी विचारा.

या भागातली जुनी, दोन मजली गार्डन अपार्टमेंट्स दिसायला साधी असतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हीटिंग आणि गरम पाणी भाड्यातच येतं. नव्या चकचकीत इमारतीत ते बिल सहसा तुमच्या माथी, आणि जानेवारीत ते चांगलंच जाणवतं. लहान मूल असताना आम्ही जुनं घर आधी बघायला सांगू. मेट्रोपार्क, मेटचन ही रेल्वे स्टेशनं न्यूयॉर्कला जाणाऱ्यांना सोयीची, म्हणून तिथे भाडं चढं. नोकरी एडिसनलाच असेल तर स्टेशनजवळच्या घरासाठी जास्त पैसे मोजू नका. पिस्कॅटवे, सेरव्हिल, ओल्ड ब्रिज इथेही बघा. शाळांच्या सुट्टीमुळे उन्हाळ्यात गर्दी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घासाघीस जमते.

मालक बहुधा भाड्याच्या तिप्पट उत्पन्न मागतात. २,००० भाड्याला वर्षाचे ७२,००० दाखवावे लागतात. क्रेडिट नसेल तर ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट तयार ठेवा. ‘क्रेडिट नाही, तीन महिन्यांचं डिपॉझिट द्या’ असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. राज्याच्या कायद्यानुसार दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडंही त्यातच मोजलं जातं. घर सोडल्यावर डिपॉझिट वाजवी वजावट करून ३० दिवसांत व्याजासह परत मिळालं पाहिजे. आत जाताना भिंती, गालिचा, ओव्हन यांचे तारखेसह फोटो काढा, कारण भांडण वजावटीवरूनच होतं.

प्रश्न: एका घराचं बेसमेंट निम्म्या भाड्यात मिळतंय. मालक वरच राहतात, भाडं रोख हवं, लीज (भाडेकरार) नको म्हणतात. घ्यावं का?

उत्तर: असं नको. आधी टाउनशिपच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) कार्यालयात फोन करून ती जागा भाड्यासाठी मंजूर आहे का, ते विचारा. झोपायच्या खोलीला बाहेर पडण्याजोगी खिडकी किंवा दार नसेल तर आगीत सुटका नाही. पावसाचं पाणीही आधी तिथेच शिरतं. पुराचा धोका आहे का, ते मालकाला लेखी विचारा.

जागा बेकायदा ठरून बाहेर पडावं लागलं तर मासिक भाड्याच्या सहापट रक्कम मागता येते. पण रोखीने भरलेल्या भाड्याचा पुरावा कुठून आणणार? आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. न्यू जर्सीत लीज संपली एवढ्यावर भाडेकरूला काढता येत नाही, मात्र मालक तिथेच राहत असेल आणि भाड्याच्या जागा दोन किंवा कमी असतील, तर हे संरक्षण नाही. तिथे लेखी लीज हाच तुमचा आधार. ती नाही तर शाळाप्रवेशासाठी पत्त्याचा पुरावाही अवघड होतो.

प्रश्न: सरकारी योजनेतली ‘अफोर्डेबल’ घरं आम्हाला मिळतील का? एकाचाच पगार आहे.

उत्तर: उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार बघतात. विभागातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं ज्याहून कमी आणि निम्म्यांचं जास्त, त्या आकड्याच्या) ८० टक्क्यांच्या आत असाल तर अर्ज करा. मिडलसेक्स, सॉमरसेट आणि हंटरडन मिळून एक विभाग आहे, म्हणून तिन्ही काउंट्यांत नाव द्या. न्यू जर्सी हाउसिंग रिसोर्स सेंटरच्या संकेतस्थळावर घरं फुकट शोधता येतात. सोडत आणि प्रतीक्षायादी असल्याने वेळ लागतो. तोवर साधं भाड्याचं घर घ्या आणि फोन, पत्ता बदलला की प्रत्येक यादीत कळवा. पत्राला उत्तर आलं नाही म्हणून नाव कटतं.