नव्या वार्ताहराला: आधी संपर्कयादी तपासा

बातमीदारीत नव्याने येणाऱ्याने स्त्री-पुरुष समानतेचा विचार स्वतःच्या संपर्कयादीपासून सुरू करावा. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पाच्या पाहणीनुसार बातम्यांतील व्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९९५ मध्ये १७ टक्के होते आणि २०२० मध्येही ते २५ टक्क्यांपर्यंतच पोहोचले होते. मजकूर देण्याची वेळ जवळ आली की आपण फोन लगेच उचलणाऱ्या ओळखीच्या तज्ज्ञालाच गाठतो आणि तो बहुधा पुरुष असतो. म्हणून हाताशी सवड असतानाच अर्थकारण, संरक्षण, विज्ञान अशा विषयांतील जाणकार स्त्रियांचे क्रमांक जमवून ठेवावेत. स्त्रियांना केवळ पीडित किंवा प्रत्यक्षदर्शी म्हणून उद्धृत केल्याने हा असमतोल दूर होत नाही. (महिला दिनाच्या पुरवणीने तर मुळीच नाही.) ‘दोन मुलांची आई झाली अध्यक्ष’ असे शीर्षक सुचल्यास पुरुष अध्यक्षाची मुले आपण मोजली असती का, हे स्वतःला विचारावे. आपल्या बातम्यांतील स्त्री-पुरुषांची मोजदाद ठेवायची असल्यास बीबीसीत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘५०:५०’ उपक्रमाची पद्धत सोयीची आहे: ज्यांच्याविना बातमीच होणार नाही अशा व्यक्ती सोडून, ज्यांची निवड आपल्या हातात असते तेवढ्याच वक्त्यांची नोंद त्यात होते.