पगाराचा आकडा सांगू का?

मुली,

अनेक आशीर्वाद.

लग्नासाठी बघितलेल्या मुलाला पगार खरा सांगू की थोडा उतरवून, असं विचारलंस. "मुलापेक्षा जास्त कमावतेस हे आत्ताच कशाला?" असा घरच्यांचा सल्ला, आणि वर "शिकलेल्या पोरींचे संसार टिकत नाहीत" ही पुरवणी.

हा समज नुसता घरगुती नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं: एकाने कमवायचं, दुसऱ्याने घर बघायचं, या वाटणीतच लग्नाचा फायदा, बाई कमावती झाली की तो घटतो. पण पुढचे आकडे त्याच्या बाजूने राहिले नाहीत. अमेरिकेत एके काळी नवऱ्यापेक्षा जास्त शिकलेल्या बायकांची लग्नं जास्त मोडायची. १९९०नंतरच्या लग्नांत तो फरक उरला नाही. तिथल्याच २०१६च्या एका अभ्यासात १९७५नंतरच्या लग्नांना धोका दिसला तो नवऱ्याला पूर्णवेळ काम नसण्याचा, बायकोच्या नोकरीचा नव्हे. (यात पुरुषांवरही अन्यायच आहे, पण ते पुन्हा कधी.)

मला जास्त पटतो तो स्वीडनचा, २०२०चा अभ्यास. महापौर किंवा खासदार झालेल्या बायकांचे घटस्फोट, निवडणूक हरलेल्या बायकांच्या मानाने, जवळपास दुप्पट निघाले. जिंकलेल्या पुरुषांचं काहीच बिघडलं नाही. पण ज्या जोडप्यांनी मुलासाठीची रजा वाटून घेतली होती, त्यांच्यात बाई जिंकली तरी फारसा फरक पडला नाही.

हे वाचलं आणि मला माझी बढती आठवली. ह्यांनी पत्र वाचलं, नीट घडी घातली, "छान" म्हणाले आणि लगेच, "मग पोरीला शाळेतून कोण आणणार?" तीन आठवडे आम्ही त्यावर भांडलो, पगारावर एकदाही नाही. शेवटी मंगळवार-गुरुवार ह्यांनी घेतले. पहिल्याच गुरुवारी विसरले, ते सोड.

तेव्हा आकडा लपवू नकोस. पहिल्या कर्जाच्या अर्जावर तो बाहेर येतोच, आणि मग भांडण पगाराचं राहत नाही. चौकशी करायचीच तर याची कर: मूल तापाने फणफणलं तर रजा कुणाची? तुझी बदली झाली तर तो येईल का?

आणि एक खातं तुझ्या एकटीच्या नावावर असू दे, वेळ पडली तर बाहेर पडता यायला हवं. घटस्फोट वाढले म्हणून घाबरणाऱ्यांना मी नेहमी सांगते, अमेरिकेतल्या ज्या राज्यांत एकतर्फी, म्हणजे जोडीदाराची संमती नसली तरी, घटस्फोट मिळू लागला, तिथे बायकांच्या आत्महत्या घटल्या, घरातली मारहाणही कमी झाली.

रविवारी भेटणार आहात ना? आकडा सांग आणि मग थोडा वेळ गप्प बस. सारवासारव करू नकोस, "पण माझं काम फार असतं" वगैरे काही जोडू नकोस. तो पहिलं वाक्य काय बोलतो, तेवढं मला कळव.

तुझी,
मावशी