अकोल्याचा कुलर रत्नागिरीत गार का करत नाही

ताई, तुमचा कुलर बिघडलेला नाही. मेकॅनिकला बोलावून पैसे घालवू नका. अकोल्यात ४३ अंशांत निवांत झोपायचो आणि इथे रत्नागिरीत मोबाइल ३४ दाखवतोय तरी रात्रभर घामाच्या धारा, असं तुम्ही लिहिलंत. घाटावरून बदली होऊन आलेला माणूस पहिल्या मे महिन्यात हेच विचारतो. माझा जन्म इथलाच, तरी तुमच्याइतकाच उकाड्याने बेजार होतो. फक्त काय करून उपयोग नाही ते आता पाठ झालंय.

घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. इथल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, तिथवरच कुलर हवा गार करू शकतो. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या अकोल्यात तो २३च्या आसपास उतरेल. ३४ अंश आणि ७० टक्के असलेल्या रत्नागिरीत २९ला अडेल. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात कुलर तेवढंही जमवत नाही आणि वर खोलीत ओलावा सोडतो. तुमची गादी दमट लागते, पापड मऊ पडतात ते त्यामुळेच. अंगाला जाणवणाऱ्या उष्म्याचं कोष्टक असतं, त्यात तुमचं अकोला ४२च्या घरात येतं आणि आमची रत्नागिरी ४६-४७वर. तेव्हा 'इथे ऊन कमी तरी त्रास जास्त' ही काही तुमची समजूत नव्हे. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश धरतं, किनाऱ्यावर ३७.

दुसरी सवय मोडायची ती दारं-खिडक्या बंद ठेवायची. विदर्भात सकाळी नऊला घर बंद करून अंधार करतात, ते तिथे बरोबर. इथे घर कोंडलं की संपलं. दुपारी बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो, त्याला पश्चिमेची खिडकी आणि समोरासमोरचं दुसरं दार उघडं हवं. ऊन आत येत असेल तर पडदा किंवा चटई बाहेरच्या बाजूने लावा, काच तापल्यावर आतून पडदा ओढून फार फरक पडत नाही. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे संध्याकाळी सात ते दहा. खारा वारा पडलेला असतो आणि जमिनीवरचा मतलई अजून सुटायचा असतो. झाडाचं पान हलत नाही. त्या वेळात स्वयंपाक करू नका, भाजी-भाकरी सहाच्या आत उरकून घ्या. आणि मार्चमध्ये सावध राहा. काही दिवस घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्राचा वारा उशिरा येतो आणि पारा मेपेक्षाही वर जातो. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती.

तुम्ही वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहता, खरं दुखणं तिथे आहे. आमचं जुनं घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. शेजारी भावाने स्लॅबचं बांधलं. पहिल्याच उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता मी त्याच्या खोलीत स्टुलावर चढून छताला तळवा लावला, तर तव्यावर भाकरी टाकून बाजूला काढल्यावर तवा जसा कोमट राहतो तसं लागलं. कौलारू घराच्या माजघरात तेव्हा पांघरूण लागत नसलं तरी झोप लागत होती. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्यावर ओततो. भावाने मग विरलेला चुना फेविकॉलमध्ये कालवून गच्चीला दोन हात मारले आणि त्यावर हातभर अंतर ठेवून बांबूंवर नारळाच्या झावळ्यांची झापं टाकली. झापं थेट स्लॅबवर टाकू नका, मधून वारा खेळायला हवा. चुन्याचा खर्च मोठा नसतो, घरमालकाला विचारून बघा. तोवर रात्री खाली फरशीवर चटई टाकून झोपा, गादीवर नको. फरशी थंड असते आणि गरम हवा वरच राहते.

कुलरमध्ये पाणी न घालता तो नुसता खिडकीजवळ पंखा म्हणून लावा, आत बाहेरची हवा ओढेल. तुमच्या छोटीला ओल्या पंचाने पुसा आणि लगेच पंख्याखाली आणा. नुसतं ओलं करून ठेवण्याचा उपयोग नाही, पुन्हा वाळण्याचाच प्रश्न. तिला घामोळं आलंय म्हणताय, त्यावर पावडरीचे थर नको, घामाची भोकं बुजतात. सैल सुती झबलं, दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्याने अंघोळ, बस. एसी घेणारच असाल तर २६वर ठेवून पंखा चालू ठेवा. आणि इथल्या खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची जाळी गंजते, म्हणून दर महिन्याला नळाच्या पाण्याने धुवा. आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नाही, स्टॅबिलायझरही घ्या.

पाण्याबरोबर मीठही जातं, हे विसरतात. इथे सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून पितात, ती मला डबाबंद पावडरीपेक्षा बरी वाटते. कोकमाचं आगळ, म्हणजे घट्ट रस, खारवलेलंच असतं, ग्लासभर पाण्यात दोन चमचे, हवी तर साखर. बाजारातलं अमृत कोकम बहुतेक साखरेचाच पाक असतो, तो तहानेसाठी ठीक, उलट्या-जुलाबांसाठी नाही. छोटीचं पोट बिघडलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, घोटघोट. सुस्ती आली किंवा लघवी कमी झाली की लगेच डॉक्टर. कांदा खिशात ठेवायचा असेल तर ठेवा, मी तो कोशिंबिरीत घालतो.

एक मात्र लक्षात ठेवा. माझा पुण्याचा मेव्हणा दोन वर्षांपूर्वी दुपारी बाराला हौसेने आंबे काढायला गेला. अर्ध्या तासाने झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, हातातून सुटला. 'गाडी कुठे लावली?' असं त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. अंग चटके बसण्याइतकं गरम, शर्ट मात्र ओलाचिंब. उष्माघातात घाम बंद होतो असं ऐकून असल्यामुळे मी क्षणभर 'चक्कर असेल' म्हणून बसून राहिलो, ती माझी चूक. बडबड विसंगत झाली की घाम असो नसो, उष्माघात समजायचं. विहिरीवर नेऊन कळशीने पाणी ओतलं, सुपाने वारा घातला आणि १०८ला फोन केला. बेशुद्धीकडे चाललेल्याला पाणी पाजायचं नाही, तेही आम्ही पाजायला निघालो होतो. तो वाचला. आता आमच्याकडे आंबा सकाळी दहाच्या आत उतरतो.

आणि कुलरच्या टाकीतलं पाणी आजच ओतून टाका. गवताच्या जाळ्या उन्हात कडक वाळवून गोणीत भरा, नाहीतर मृगाच्या पावसाबरोबर त्यांना बुरशी येईल आणि पुढच्या बदलीत अकोल्याला नेऊन काही उपयोग राहणार नाही.