गोष्ट खरी असेल तरी ती चहाडी ठरते का?

तुम्ही विचारलंय की प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये एका मैत्रिणीच्या घरच्या भांडणाबद्दल सगळे बोलतात, जे बोलतात ते खरंच आहे, मग हे पाप कसं, आणि असं असेल तर चर्चमधल्या चुकीच्या गोष्टींबद्दलही गप्प बसायचं का. मी दोन्हीला धरूनच उत्तर देते, कारण पहिलं नीट कळलं की दुसरं बऱ्यापैकी सुटतं.

हो, खरी गोष्ट सांगूनही पाप होऊ शकतं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा (निर्गम २०:१६, कॅथलिक आणि लुथरन मोजणीत आठवी, बाकीच्या बहुतेक प्रोटेस्टंटांकडे नववी) वाचून अनेकांना वाटतं की मी खोटं तर बोललो नाही ना, मग झालं. पण बायबल तिथे थांबत नाही. लेवीय १९:१६ मध्ये लोकांत चहाड्या करत फिरायला सरळ मनाई आहे, तिथे खरी चहाडी खोटी चहाडी असा भेदच नाही. नीतिसूत्रे ११:१३ मध्ये चहाडखोर माणूस गुपित फोडतो असं आहे, आणि गुपित असतं ते खरंच असतं. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर (परिच्छेद २४७७) हे वेगवेगळं करून सांगितलंय, पुरेसा आधार नसताना मनातल्या मनात एखाद्याला दोषी धरणं हे एक, खोटं बोलून बदनामी करणं हे दुसरं, आणि योग्य कारण नसताना एखाद्याचे खरे दोष ज्यांना माहीत नाहीत त्यांना सांगणं हे तिसरं. तुमच्या ग्रुपमध्ये चाललंय ते हे तिसरं.

मला यात सगळ्यात जास्त शिकवून जाते ती गणना १२ मधली मिर्यामची गोष्ट. मिर्याम आणि अहरोन ही मोशेची सख्खी भावंडं, ती इस्राएल लोकांचा पुढारी असलेल्या मोशेविरुद्ध बोलायला लागली, कारण त्याने कूशी, म्हणजे परक्या कूश देशातली, बायको केली होती. आणि शास्त्रवचन तिथेच स्पष्ट सांगतं की त्याने खरंच ती केली होती, म्हणजे माहिती अगदी बरोबर होती. मग देव फक्त आमच्या भावाशीच बोलतो का, आमच्याशी नाही का, हा पुढचा प्रश्न लगेच बाहेर आला, तेव्हा कळतं की बायकोचा विषय नुसता निमित्त होता, आत खुपत होता तो मोशेचा मान. देवाने तिघांनाही समोर बोलावून विचारलं, आणि मिर्यामला कोड झालं, ती सात दिवस छावणीबाहेर राहिली, आणि ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांचा प्रवास थांबला!! एका बाईच्या बोलण्यापायी अख्खा समाज जागच्या जागी. आणि तिच्यासाठी कळवळून प्रार्थना कोणी केली, तर जिच्याबद्दल बोलणं झालं होतं त्या बाईच्या नवऱ्याने, मोशेनेच. त्या अध्यायात प्रार्थना आहे पण ती देवाला उद्देशून आहे, एका ओळीची, त्यात कोणाच्या घरातले तपशील नाहीत.

म्हणून प्रार्थनेसाठी सांगतेय हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. देवाला त्या घरातलं सगळं आधीच माहीत आहे, त्याला नवरा काय म्हणाला आणि सासू काय म्हणाली हे ग्रुपमधून कळायची गरज नाही. तपशील लागतात ते आपल्याला. एका बहिणीच्या घरी अडचण आहे, शांतीसाठी प्रार्थना करा, एवढं पुरतं, आणि तेसुद्धा तिला विचारूनच.

आता गप्प बसायचं का. अजिबात नाही. मत्तय १८:१५-१७ मध्ये येशू गप्प बसायला सांगत नाही, क्रम सांगतो, आधी त्याच्याकडे एकटा जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला, म्हणजे चर्चला, सांग. चहाडीत नेमका हा क्रम उलटा होतो, सगळ्यांना कळतं आणि ज्याचं आहे त्याला शेवटी. प्रेषित पौलाचं बघा, करिंथ शहरातल्या मंडळीतल्या भांडणांची बातमी त्याला ख्लोवेच्या माणसांकडून कळली, त्याने ती दुसऱ्या मंडळ्यांत चघळली नाही, करिंथकरांनाच पत्र लिहिलं आणि कोणाकडून कळलं तेही उघड लिहिलं (१ करिंथ १:११). कोणाचं नाव न घेता "लोक म्हणतात" हा प्रकारच नाही. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लुथरने १५२९ च्या लहान कॅटेकिझममध्ये (धर्मशिक्षणाच्या पुस्तकात) शेजाऱ्याची बाजू घ्या, त्याच्याबद्दल चांगलं बोला, त्याच्या वागण्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावा असं शिकवलं, पण त्याच वर्षीच्या मोठ्या कॅटेकिझममध्ये हेही म्हटलं की जे पाप उघड्यावर झालंय त्याबद्दल उघड बोलता येतं.

आणि जिथे मुलांवर अत्याचार होतोय, कोणाला मारहाण होतेय किंवा मंडळीच्या पैशात गडबड आहे, तिथे आधी एकटे जाऊन भेटा हा सल्ला कोणी देत असेल तर कृपया ऐकू नका. थेट पोलिसांना, जबाबदार लोकांना सांगा. ही चहाडी नाही, ज्याला कारवाई करता येते त्याला सांगणं आहे, आणि चर्चची बदनामी होईल म्हणून पीडिताला गप्प करणं हे मला तर त्या आज्ञेचंच उल्लंघन वाटतं, कारण तिथे खोटं जपलं जातं. तुमच्या मैत्रिणीच्या घरातल्या भांडणात मारहाण असेल तर तेही यातच येतं, मग ग्रुपमध्ये चर्चा नको, तिला मदत हवी.

तसं नसेल तर ग्रुपमध्ये पुढच्या वेळी विषय निघाला की "आपण हे तिला विचारूया का?" एवढं म्हणून बघा, बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं. आणि जे आधीच बोलून झालंय त्याचं काय, तर त्याच कॅथलिक ग्रंथात (२४८७) भरपाई करायला सांगितलंय, नुसतं देवाकडे माफी मागून भागत नाही. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याकडेच परत जाऊन सांगायचं की हे सांगायला नको होतं, पुढे कोणाला सांगू नका. मैत्रिणीच्या कानावर ते गेलं असेल तर तिची माफीसुद्धा समोरासमोर मागा, मेसेजवर नको.